चाळणीवर राहिलेले पत्र

दिवाळीच्या अगोदर घरात जी आवराआवर सुरू होते तिच्यात माझ्या वाट्याला दर वर्षी रद्दी येते. डबे, माळे, गाद्या ही कामे जबाबदारीची. ती माझ्याकडे कोणी सोपवीत नाही. रद्दी निवडायला मात्र निवृत्त शिक्षकाइतका लायक माणूस दुसरा कोण? चंद्रपुरातल्या आमच्या घराच्या ओसरीवर मी बसतो, गठ्ठे सोडतो आणि बांधायचे सोडून वाचू लागतो. संध्याकाळी रद्दीवाला दारात उभा राहतो तेव्हा सकाळच्या एका गठ्ठ्याचे तीन झालेले असतात आणि त्यांतला एकही द्यायचा नसतो. यंदा मुलगा पुण्याहून आला होता. हा प्रकार पाहून तो म्हणाला, "बाबा, तुमच्या ई-मेलला आहे तशी एक चाळणी या ओसरीलाही बसवायला हवी." तो थट्टेने बोलला. पण माझ्या हातातले मासिक खाली गेले. त्या चाळणीपायी माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. हातून म्हणावे की नाही, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो अजून मला सुटलेला नाही.

नको असलेल्या पत्रांचा उपद्रव काही आजचा नव्हे. माझ्या लहानपणी घरी पोस्टकार्डे येत, त्यांवर पाठवणाऱ्याचे नाव नसे. कोठल्याशा देवस्थानात चमत्कार झाला आहे, तरी पत्र मिळताच अशाच एकवीस प्रती काढून एकवीस जणांना धाडाव्यात. ज्याने धाडल्या त्याला गुप्तधन सापडले, ज्याने पत्र फाडले त्याचा बैल मेला, असा एकूण मजकूर असे. आई घाबरायची. आमच्याकडे बैल नव्हता, पण वडील होते. वडील शांतपणे विचारीत, "एकवीस कार्डांचे पैसे देव देणार आहे का?" आणि प्रश्न तिथेच मिटे. आमच्या गरिबीने आम्हांला त्या भीतीतून दर खेपेला सोडवले.

आता वाटते, टपालाचे तिकीट हीसुद्धा एक चाळणीच होती. तिकिटापूर्वी, म्हणजे इंग्लंडात 1840 च्या आधी, पत्राचे पैसे बहुधा ते घेणाऱ्यालाच भरावे लागत. आपल्याकडे 1854 साली देशभर सारखा दर आणि तिकिटे आली आणि पत्राचा भार लिहिणाऱ्याच्या खिशावर गेला. ई-मेलने ते चाक पुन्हा उलटे फिरवले. एकाला पत्र पाठवा की एक लाख लोकांना, पाठवणाऱ्याला जवळजवळ सारखेच. किंमत मोजायची ती वाचणाऱ्याने, आपल्या वेळाने. 1978 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे 400 जणांना एकदम पाठवली. या जातीचे पहिले पत्र म्हणून लोक त्याकडे बोट दाखवतात. पुढे अशा पत्रांना 'स्पॅम' हे नाव पडले. मुळात ते डबाबंद मांसाचे नाव. 1970 सालच्या एका इंग्रजी विनोदी नाटुकल्यात उपाहारगृहातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात ते असते आणि बिचारी बाई नको नको म्हणत असता ते येतच राहते. नाव अगदी बरोबर पडले म्हणायचे.

मला ही पत्रे निवृत्तीनंतर येऊ लागली. माझे पेन्शनचे खाते बंद होणार होते, वीज आज रात्री तोडली जाणार होती, आणि परदेशातली एक विधवा आपली सारी इस्टेट माझ्या नावे करण्यासाठी खोळंबली होती. मी हसत असे. मग आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, जन्मभर हिशेबाच्या टेबलावर बसलेले, अशाच एका पत्रापायी फसले आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम एका दुपारी गेली. पंधरा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. पैशापेक्षा लाजेने. तेव्हा मुलाने माझी चाळणी कडक करून दिली आणि सांगितले, "जे पत्र खोटे वाटेल त्यावर हे बटण दाबायचे. हळूहळू ती तुमच्याकडून शिकेल." मी पुष्कळांना शिकवले आहे, त्यात ही एक. बटण मी उत्साहाने दाबू लागलो.

ती शिकते कशी, हे मी नंतर मुलाकडून समजून घेतले, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे कौतुक वाटले. अठराव्या शतकात इंग्लंडात थॉमस बेझ नावाचे एक धर्मोपदेशक होते. ते 1761 मध्ये वारले. त्यांच्या कागदांत संभवाविषयीचा एक निबंध निघाला आणि तो मित्राने 1763 मध्ये छापविला. नवा पुरावा समोर आला की जुने अनुमान किती हलवावे, याचा तो विचार. 2002 मध्ये पॉल ग्रॅहॅम या अमेरिकन गृहस्थाने हेच गणित आपल्या टपालाला कसे लावले ते लिहून प्रसिद्ध केले. त्याने पत्रांचे दोन ढीग केले, एक चांगल्यांचा आणि एक रद्दीचा, आणि कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते यंत्राकडून मोजून घेतले. नवे पत्र आले की त्यातले सर्वांत बोलके पंधरा शब्द घ्यायचे आणि त्यांच्या साक्षीवरून पत्राचा निवाडा करायचा. आज चाळण्या फार पुढे गेल्या आहेत; पत्र कोठून निघाले, त्या पत्त्याची पत काय, तेथून आधी काय काय आले, हेही त्या पाहतात. पण मूळ रीत तीच. तुम्ही कोण आहात हे विचारायचे नाही. तुम्ही कोणासारखे दिसता एवढेच पाहायचे.

ग्रॅहॅमच्या हिशेबातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. चांगल्या ढिगात आलेल्या शब्दाची मोजणी तो दुप्पट धरी, कारण रद्दीतले एखादे पत्र आत शिरले तर चालेल, पण चांगले पत्र बाहेर पडता कामा नये. आणि जो शब्द यंत्राने कधीच पाहिला नाही त्याला तो निम्म्याहून थोडा कमी, दहात चार इतकाच दोष देई. अनोळखी शब्द बहुधा निरपराध असतो, असे त्याचे म्हणणे. गणितातही माणसाला थोडी दया शिल्लक ठेवता येते, असे मला वाटून गेले.

आता ती गोष्ट. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला 1982 साली. त्यानंतर चार वर्षांनी मी तिकडे शिक्षक म्हणून गेलो आणि निवृत्त होईपर्यंत तिकडेच राहिलो. अगदी शेवटच्या वर्षांत भामरागडच्या बाजूचा एक माडिया मुलगा माझ्या वर्गात होता. अबोल, भूगोलात हुशार. नदीचा नकाशा काढला तर तो बरोबर निघे, कारण ती नदी त्याने पायांनी पाहिलेली असे. शाळा सुटल्यावर तो नजरेआड झाला. काही वर्षांनी महाशिवरात्रीला मी मार्कंड्याच्या जत्रेला गेलो होतो. वैनगंगेच्या वाळूवर गर्दीतून एक तरुण पुढे आला, वाकून पाया पडला. ख्यालीखुशाली झाली. मग तो सहज म्हणाला, "सर, तुमाले मेल पाठवलो होतो जूनमंदी. भेटला नाही का?"

मला काही भेटले नव्हते. त्याने फोन काढला. त्याने पाठवलेल्या पत्रांत ते अजून होते आणि तिथे वाळूवर उभ्याउभ्याने मी ते आठ महिन्यांनी वाचले. विषय लिहिला होता: तातडीचे. पहिलीच ओळ 'नमस्कार सर, ओळखलं का' अशी. नागपुरात एका अभ्यासक्रमाला त्याला प्रवेश मिळत होता. ओळखणाऱ्या शिक्षकाचे एक पत्र आठवड्याच्या आत हवे होते आणि वसतिगृहात अनामत भरायला पाच हजार रुपये उसने. खाली बँकेचा खाते क्रमांक. पत्ता त्याच्या नावाचा नव्हे, चुलतभावाच्या नावाचा, पुढे चार आकडे. नेटवर्क मिळावे म्हणून तो सडकेवर चढावापर्यंत गेला होता. गेले की नाही कळेना म्हणून त्याने तेच पत्र तीन वेळा पाठवले. शेवटी 'जोहार' असे लिहिले होते.

माझ्या चाळणीने हे पत्र तिन्ही वेळा बाजूला काढले असणार, तीस दिवस ठेवले असणार आणि मग पुसून टाकले असणार. मी तसे सांगू लागलो. तो घाईघाईने म्हणाला, "राहू द्या ना सर. मले वाटलं, तुमाले जमलं नसन." नागपूरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली होती. तो आता तेंदूपत्त्याच्या हंगामात हिशेब लिहायचे काम करतो. पुन्हा अर्ज का करीत नाहीस, असे मी विचारले. घरी बहिणीचे लग्न आहे, आता बघू, असे म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार अशी नव्हती. आठ महिने त्याने हे गृहीत धरले होते की सरांनी पत्र वाचले आणि सोडून दिले, आणि तरीही तो गर्दीतून पुढे येऊन पाया पडला होता.

घरी आल्यावर मी मुलाला फोन करून यंत्रावर राग काढला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, चाळणी नसती आणि ते पत्र समोर आले असते, तर तुम्ही उघडले असते का?"

मला उत्तर देता आले नाही. तातडी, ओळखलंत का, पाच हजार, खाते क्रमांक, आणि नाव भलत्याचेच. गल्लीतल्या गृहस्थांचे झाल्यापासून अशा प्रत्येक पत्रावर मी बटण दाबीत होतो. चाळणीला माझ्याहून वेगळी अक्कल नव्हती. माझीच शंका तिने वहीत मांडून ठेवली होती. आणि एक गोष्ट उलगडली ती अशी की, त्या पत्रातले अनोळखी काही त्याच्या आड आले नसावे. 'जोहार' हा शब्द चाळणीने बहुधा कधी पाहिलाच नसेल, आणि ग्रॅहॅमचा हिशेब धरला तर तो निरपराधच ठरता. पत्र बुडवले ते ओळखीच्या शब्दांनी. परक्याचा संशय आपल्याला त्याच्या परकेपणामुळे येतो असे आपण समजतो. पण संशय येतो तो आपण आधी पाहिलेल्या लबाडासारखा तो दिसतो म्हणून. आणि लबाड दिसतो कोणासारखा? तो गरजवंताचे सोंग आणतो. दुसरे कोणते सोंग त्याच्या उपयोगाचे नाही. घाई, अडचण, पैशाची निकड, अर्धवट शुद्धलेखन, हा गरजवंताचा चेहरा. तो लबाडाने इतक्या वेळा लावला की आता खरा गरजवंत आला तरी तो लबाडाची नक्कल करतोय असे वाटते. भरल्या पोटाच्या माणसाचे पत्र कधी चाळणीवर अडत नाही. त्याला घाई नसते.

मी कबूल करतो, हे मी यंत्राच्या पुष्कळ आधीपासून करीत आलो आहे. शाळेत एका वर्षी मदतीच्या यादीसाठी मुलांचे अर्ज निवडायचे काम माझ्याकडे होते. अर्ज पुष्कळ, वेळ थोडा. मी वाईट अक्षराचे बाजूला काढले. अक्षर म्हणजे काळजी, काळजी म्हणजे लायकी, असा माझा तेव्हाचा सिद्धांत होता. आतल्या गावांतली मुले घरी कंदिलाच्या उजेडात लिहितात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्या दुपारी ते आठवले नाही इतकेच. पण त्यातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. विचारले काही नाही, नुसता उभा राहिला. मला त्याचा अर्ज पुन्हा काढावा लागला.

चाळणीच्या दाराशी असे कोणी उभे राहू शकत नाही. पूर्वी टपालाने गेलेले पत्र पोचले नाही, किंवा घेणाऱ्याने नाकारले, तर पोस्टमन त्यावर तसा शेरा मारी आणि ते लिहिणाऱ्याकडे परत येई. 'घेण्यास नकार' हे शब्द वाचून माणसाला राग येई, रडू येई. पण कळे तरी. येथे पाठवणाऱ्याला वाटते पत्र पोचले आणि घेणाऱ्याला वाटते कोणी लिहिलेच नाही. दोघांच्या मध्ये एक नकार होऊन गेला आणि तो कोणीही दिलेला नाही! मी मुलाला म्हटले, निदान पाठवणाऱ्याला कळवायला काय हरकत आहे? तो म्हणाला, कळवले तर भामट्याला समजेल की कोणते शब्द चालतात आणि तो उद्या ते बदलेल. खरे आहे. त्याचे सगळे खरे असते. भामट्यापासून लपवायचे ते प्रामाणिक माणसापासूनही लपते.

चाळणीच नको, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे ढोंगीपणाचे होईल, कारण ती नसती तर गल्लीतल्या गृहस्थांच्या जागी मीही असतो. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेचे निर्णय सर्वांच्या सहमतीने होतात. एकाची हरकत असली तरी पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. त्या गावाला 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तो अशाच बसण्यातून. कोणाचेही म्हणणे चाळणीवर राहू द्यायचे नाही, ही रीत मला फार मोठी वाटते. पण ते गाव लहान आहे, आणि तेथे बोलणारा समोर बसलेला असतो. जगातला प्रत्येक भामटा त्या सभेत येऊन बसू लागला तर मेंढ्यालाही दार लावावे लागेल. चुकायचे तर आहेच. कोणत्या बाजूला चुकायचे एवढेच आपल्या हातात. ताडोब्याच्या कडेच्या गावांत आता वाघ जवळ आला की गावाला खबर देणारे कॅमेरे बसू लागले आहेत. आमच्या जिल्ह्यात कोणालाही विचारा, तो म्हणेल की दहा वेळा खोटी हाक आली तरी चालेल, खरी एक चुकू नये. तेथे चुकीची किंमत ज्याला मोजायची तोच चाळणीची भोके ठरवतो. माझ्या पत्रपेटीची भोके मी ठरवली. किंमत मोजली त्या मुलाने.

त्याच्या गावचे एक दृश्य मला अलीकडे वारंवार आठवते. मुलांची नावे शाळेत घालण्यासाठी आम्ही शिक्षक उन्हाळ्यात गावोगाव हिंडत असू. दिवस मोहफुलांचे होते. मोहाचे फूल पहाटे गळते. खाली वाळल्या पानांचा थर असला तर त्यात ते सापडत नाही. म्हणून पुष्कळ लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. जमीन काळीभोर, स्वच्छ होते आणि पडलेले फूल लांबून दिसते. त्यातून कधी वणवे लागतात, म्हणून वनखाते दर वर्षी विनवण्या करते. त्या सकाळी आजूबाजूची झाडे अशी काळ्या वर्तुळात उभी होती. एक म्हातारी मात्र काटक्यांचा झाडू घेऊन आपल्या झाडाखालचा पाचोळा लोटीत होती. कंबर धरून उभी राही, पुन्हा लोटी. जाळत का नाही, असे मी विचारले. ती माडियात काही बोलली. हा मुलगा माझ्याबरोबर होता, त्याने सांगितले, "खाली लेकरं आहेत म्हणते." मी आजूबाजूला पाहिले, लेकरू कुठे दिसेना. तेव्हा त्याने वाकून पाने बाजूला केली आणि बोटभर उंचीचे, दोन पानांचे मोहाचे रोप दाखवले.

जाळणाऱ्यांना ती काही बोलत नव्हती. त्यांची झाडे पुष्कळ होती आणि हात थोडे.

हल्ली दर शनिवारी दुपारी मी रद्दीची पेटी उघडून बसतो. हिला वाटते मला दुसरा उद्योग नाही. वीज तोडण्याच्या धमक्या, कर्ज, लॉटरी, त्या विधवेची इस्टेट (ती अजून खोळंबलेली आहे), असे सगळे लोटता लोटता कधी काही सापडते. एका जुन्या सहकाऱ्याच्या नातीच्या लग्नाचे निमंत्रण सापडले. लग्न होऊन चार दिवस झाले होते. एका संपादकांचे साभार परत सापडले. ते चाळणीने कायमचे ठेवून घेतले असते तर माझी तक्रार नव्हती. मुलगा म्हणतो, ही रोजची दहा मिनिटे वाचवण्यासाठीच तर चाळणी लावली होती. मी त्याला म्हणतो, रोजची नव्हेत, शनिवारची.

यंदा नवरात्रात त्या पेटीत एक पत्र होते. नाव अनोळखी. विषय: मदत पाहिजे. मी तुमच्या शाळेत होतो, वडील दवाखान्यात आहेत, जमेल तेवढे पाठवा. खाली खाते क्रमांक. शाळेचे नाव नाही, गावाचे नाही, साल नाही. अशी हजार पत्रे हजार शिक्षकांना जात असतील. मी ते दोन दिवस उघडून बंद करीत राहिलो. अशा पत्राला उत्तर देऊ नये. दिले की आपला पत्ता जिवंत आहे हे त्यांना कळते, असे मुलाने बजावलेले आहे. तिसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिले. एकच प्रश्न विचारला: शाळेच्या मागे विहिरीजवळ कोणते झाड होते?

पंधरा दिवस झाले, उत्तर आलेले नाही. मुलाला सांगितले तेव्हा तो हसला, यायचेही नाही म्हणाला. मी म्हटले, तिकडे पाऊस झाला की आठ-आठ दिवस नेटवर्क नसते.